शेल्बी जीटी५०० कन्व्हर्टिबल: ६६२ हॉर्सपॉवर आणि वर कापडी छप्पर, घ्यावी का?

नोव्हीकर
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढतोय. २०१३ किंवा २०१४ ची शेल्बी जीटी५००, म्हणजे फोर्ड मस्टँगची ताकदवान आवृत्ती, घ्यायची एवढं पक्कं आहे, अडलंय ते कूपे (पक्क्या छपराची) की कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणारी) यावर. आमच्या मिशिगनमध्ये उघडी गाडी फिरवायचे महिने मे ते ऑक्टोबर, तेही पावसाने मनावर घेतलं तर. रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, ही शनिवार-रविवारची. ट्रॅकवर न्यायची नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो एवढी ताकद असेल तर वर पक्कं छप्परच हवं, कन्व्हर्टिबल म्हणजे नुसतं मिरवणं. मला हे अजिबात पटत नाही. ५.८ लिटरचा सुपरचार्ज्ड (इंजिनात हवा दाबून भरणारा) व्ही८, ६३१ पाउंड-फूट टॉर्क, सहा गिअरचं मॅन्युअल आणि डोक्यावर आभाळ, हे सगळं एका गाडीत फोर्डने त्यानंतर परत दिलंच नाही. २०२० मध्ये ७६० हॉर्सपॉवरची जीटी५०० आली ती फक्त कूपे, आणि तिला तर मॅन्युअल गिअरबॉक्सही नाही. म्हणून ज्यांनी ही किंवा अशी गाडी चालवली आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा. विरोधात असाल तरी लिहा.

गिअरबदल
कूपे.

आठ_सिलिंडर
@गिअरबदल, अहो कारण तरी सांगा :)

नोव्हीकर, मी लॉस एंजेलिसला असतो, इथे वर्षभर उघडी गाडी चालते, तरी मी कूपेच्या बाजूचा आहे आणि का ते सांगतो. गाडीचं छप्पर म्हणजे फक्त सावली नव्हे, पुढची आणि मागची बाजू एकमेकांना धरून ठेवायचं काम तेच करतं. ते कापलं की सगळा पीळ खालच्या फ्लोअरवर येतो. मग कंपनी खालून पट्ट्या मारते, ब्रेसिंग देते, त्याने वजन वाढतं आणि तरी कूपेइतका ताठपणा येत नाहीच. एक मात्र खरं की २००५ पासूनच्या मस्टँगचा सांगाडा आखतानाच कन्व्हर्टिबल डोळ्यासमोर होती, त्यामुळे आधीच्या पिढीपेक्षा ही बरीच घट्ट आहे. पण रेल्वे क्रॉसिंगवरून न्या आणि आतल्या आरशाकडे बघा, थरथर दिसेलच. त्याला इकडे काऊल शेक म्हणतात.

दुसरं म्हणजे टॉप स्पीड. कूपे २०० मैलांच्या पुढे जाते असं फोर्डने छातीठोकपणे सांगितलं आणि त्याच वर्षीची कन्व्हर्टिबल मात्र ताशी १५५ मैलांवर, म्हणजे साधारण २५० किलोमीटरवर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने अडवली. ज्यांनी गाडी बनवली त्यांनीच तिला हात आखडून दिलाय. मग ६६२ चा उपयोग काय?

वैदेही_रॅले
@आठ_सिलिंडर, १५५ च्या पुढे तुम्ही कुठल्या रस्त्यावर जाणार आहात ते सांगा की आधी! नॉर्थ कॅरोलायनात इंटरस्टेटवर ७० ची पाटी आहे आणि ८५ ला पोलीस मागे लागतात. ६६२ चा उपयोग वेगासाठी नाहीच मुळी, तो ३० पासून ६० पर्यंत जायच्या त्या दोन क्षणांसाठी आहे. आणि ते क्षण बंद काचेआड घालवायचे की उघड्यावर, एवढाच प्रश्न आहे.

माझ्याकडे साधी मस्टँग जीटी कन्व्हर्टिबल आहे, शेल्बी नाही. ब्लू रिज पार्कवेवर वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ४५, आणि ती गाडी तिथे जेवढी आवडते तेवढी दुसरी कुठलीच आवडत नाही. बोगद्यात शिरताना एक गिअर खाली घ्यायचा. ओल्या मातीचा वास येतो, पाइनचा येतो, खाली दरीत पाणी वाहत असेल तर त्याचा आवाजसुद्धा येतो. मिरवायला ही गाडी घेतात असं म्हणणाऱ्यांनी एकदा तरी अशा रस्त्यावर चालवून बघावी. माझा नोव्हीकरांना होकार.

लान्सिंगवाला
शेल्बीचा हट्ट का पण? शेव्हरोलेची कॅमारो झेडएल१ कन्व्हर्टिबल बघा की! सहाव्या पिढीची, २०१७ नंतरची. ६.२ लिटरचं सुपरचार्ज्ड एलटी४ इंजिन, ६५० हॉर्सपॉवर, टॉर्कही ६५०. मॅन्युअल मिळते, दहा गिअरची ऑटोमॅटिकही मिळते. मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मॅग्नेटिक राइड, म्हणजे खड्डा आला की डँपर तिथल्या तिथे जुळवून घेतो. शेल्बीला मागे अजून सलग अ‍ॅक्सल, एका चाकाला खड्डा लागला की दुसऱ्यालाही कळतो. झेडएल१ चं छप्पर ताशी ३० मैलांपर्यंत चालत्या गाडीत उघडतं, बटण दाबलं की झालं, आणि दुमडल्यावर वर पक्कं झाकण बसतं. शेल्बीला पुढच्या काचेवरच्या दोन खिट्ट्या हाताने सोडवा, मग बटण दाबा, मग वरचं कव्हर उतरून हाताने बसवा.

आणि आता ती बनतही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या लान्सिंगच्या ग्रँड रिव्हर प्लांटमधून शेवटची कॅमारो बाहेर पडली. सांभाळली तर किंमत टिकेल.

नोव्हीकर
झेडएल१ बद्दल आदर आहे, आणि गाडी म्हणून ती जास्त सुधारलेली आहे हे शंभर टक्के मान्य. पण आत बसलं की खिडक्या इतक्या चिंचोळ्या आणि डॅशबोर्ड इतका वर की छप्पर बंद असताना खोल बसल्यासारखं वाटतं. छप्पर उघडल्यावर तो प्रश्न उरत नाही हेही खरं. दोन्ही चालवून बघतो.

टॉप_डाऊन_ताई
वाचतेय. रुमाल घट्ट बांधून :)

घाटवळण
अवांतर: उघड्या गाड्यांचा इतिहास फार मजेदार आहे म्हणून लिहितो, मोठं झालं तर सांभाळून घ्या.

मस्टँग १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये आली ती पहिल्याच दिवसापासून कन्व्हर्टिबलसकट. १९६८ मध्ये शेल्बीच्या जीटी३५०, जीटी५०० आणि जीटी५००केआर तिन्ही उघड्या मिळायला लागल्या. त्या केआरमध्ये ४२८ क्युबिक इंचाचं कोब्रा जेट इंजिन, कागदावर ३३५ हॉर्सपॉवर. कागदावर म्हणतोय कारण त्या काळी विम्याच्या भीतीने कंपन्या आकडे मुद्दाम कमी लिहीत आणि हे इंजिन त्यापेक्षा किती तरी जास्त देतं हे सगळ्यांना माहीत होतं. तर त्या १९६८ च्या उघड्या शेल्बीत मागे चक्क गादी लावलेला रोल बार असे, आणि त्याला सर्फबोर्ड बांधायला कड्या! आजच्या मस्टँगमध्ये तो बार नाही.

पुढे सत्तरच्या दशकात सगळंच आटलं. गाडी उलटली तर काय, याचे सरकारी नियम येणार अशी हवा होती, घरोघरच्या गाड्यांत एसी आला, हायवेवरचा वेग वाढला तसा उघड्या गाडीतला वारा नकोसा झाला. १९७४ ची मस्टँग २ आली तिला कन्व्हर्टिबलच नव्हती. १९७६ ची कॅडिलॅक एल्डोराडो ही शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणून विकली गेली, लोकांनी ती ठेव म्हणून घेतली. ज्या नियमांची भीती होती ते मात्र त्या स्वरूपात आलेच नाहीत. मग १९८२ मध्ये ली आयकोका यांनी क्रायस्लरची लबॅरन कन्व्हर्टिबल आणली. हे तेच आयकोका, ज्यांनी फोर्डमध्ये असताना मस्टँग उभी केली. लगेच १९८३ ला मस्टँगही उघडी होऊन परत आली. त्या वर्षीच्या ५.० लिटर व्ही८ ला हॉर्सपॉवर किती? १७५. तिथून तीस वर्षांत ६६२. नोव्हीकर, तुम्ही बघताय ती गाडी त्या सगळ्या चढणीचं टोक आहे, आणि त्यानंतर फोर्डने कारखान्यातून सुपरचार्जरवाली उघडी मस्टँग काढलेली नाही. माझ्या मते निर्णयाला एवढं कारण पुरे.

गिअरबदल
घाटवळण, सुंदर लिहिलंय. तरी कूपे.

किफायतशीर
घाटवळण यांनी मधली एक पायरी सोडली. २००३-०४ ची मस्टँग एसव्हीटी कोब्रा, जिला सगळे टर्मिनेटर म्हणतात. ४.६ लिटर, लोखंडी ब्लॉक, ईटनचा सुपरचार्जर, ३९० हॉर्सपॉवर, सहा गिअर मॅन्युअल, आणि कन्व्हर्टिबलमध्ये मिळत होती. गंमत म्हणजे तिला मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन होतं, जे नंतरच्या २००७ च्या जीटी५०० ला दिलं नाही. लान्सिंगवाला यांच्या अ‍ॅक्सलच्या तक्रारीवर उतारा आणि पैसेही कमी. नोव्हीकर, विचार करा.

पुण्याचा_पेट्रोलप्रेमी
इकडे बसून फक्त वाचायचं आणि हळहळायचं. २०१६ मध्ये फोर्डने भारतात मस्टँग जीटी आणली, ५.० लिटर व्ही८, ४०१ पीएस, सुरुवातीची किंमत ६५ लाख एक्स-शोरूम, पण फक्त फास्टबॅक (म्हणजे पक्क्या छपराची) आणि फक्त ऑटोमॅटिक. उजव्या हाताची कन्व्हर्टिबल इंग्लंडला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली, आपल्याकडे नाही. मी मित्राची फास्टबॅक एक्सप्रेसवेवर चालवली आहे, खंडाळ्याच्या चढावर ती जशी खेचते तसं काहीच खेचत नाही. शेल्बी जुनी आयात करावी म्हटलं तर तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडेच हवं, आणि त्या पिढीची मस्टँग कारखान्यातून उजव्या हाताची आलीच नव्हती. म्हणजे दार बंद.

एक शंका, आवाजात कूपे आणि कन्व्हर्टिबलमध्ये खरंच एवढा फरक पडतो का? इंजिन तर तेच.

रोमिओ_ते_फ्लॅटरॉक
@पुण्याचा_पेट्रोलप्रेमी, पडतो, आणि जीटी५०० मध्ये तर सगळ्यात जास्त पडतो, म्हणून आज लिहायला बसलो. या गाडीला दोन आवाज आहेत. एक मागून येणारा व्ही८ चा, जड, छातीत बसणारा. दुसरा पुढून, बॉनेटखालून, सुपरचार्जरच्या रोटरचा, चढत जाणारा बारीक आवाज. पिठाची गिरणी सुरू होताना पट्टा वेग घेतो तेव्हा जो सूर चढत जातो ना, तसा, फक्त किती तरी पट वर जाणारा. कूपेत काच बंद असेल तर हा दुसरा आवाज अर्धा गाळला जातो. कन्व्हर्टिबलमध्ये टप उघडा असेल आणि बाजूला भिंत किंवा पूल असेल तर दोन्ही आवाज आपटून परत कानावर येतात. हे कुठल्याही कागदावरच्या आकड्यात सापडत नाही.

इंजिनाबद्दल थोडं. ५.८ चं प्रत्येक इंजिन मिशिगनमधल्या रोमिओच्या कारखान्यात दोन कारागीर मिळून हाताने जोडत आणि त्यांच्या सह्यांची पट्टी इंजिनावर लागत असे. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडरच्या आत लोखंडी स्लीव्ह नाही, त्याऐवजी प्लाझ्माने वितळवलेल्या तारेचा पातळ थर फवारलेला, त्यामुळे वजन वाचतं. सुपरचार्जर २.३ लिटरचा. रेडलाइन, म्हणजे इंजिन फिरण्याची मर्यादा, ६२५० आरपीएम, पण गरज पडली तर आठ सेकंदांपर्यंत ७००० ला जाऊ देते. थंड हवा जास्त मिळावी म्हणून २०१३ ला पुढची जाळी काढून तोंड उघडं ठेवलं. आणि एवढं करून गॅस गझलर टॅक्स (जास्त इंधन पिणाऱ्या गाड्यांवरचा अमेरिकी कर) लागला नाही, जो त्या वेळच्या झेडएल१ ला लागत होता. मग गाडी जोडली जायची मिशिगनमधल्याच फ्लॅट रॉकच्या कारखान्यात. रोमिओचा तो कारखाना आता बंद झालाय. म्हणून ही गाडी चांगल्या घरी जावी असं मनापासून वाटतं. नोव्हीकर, घ्या.

ज्यांच्या नावाने ही गाडी आहे ते कॅरोल शेल्बी १० मे २०१२ ला गेले. २०१३ ची जीटी५०० म्हणजे त्यांच्या हयातीत तयार झालेली शेवटची. मला याचं महत्त्व वाटतं, कुणाला वाटेल कुणाला नाही.

सुरक्षित_अंतर
सगळे आवाजात रमलेत म्हणून कडू बोलतो. अमेरिकेत छप्पर चिरडण्याची जी सरकारी चाचणी आहे ती कन्व्हर्टिबलला लागूच नाही. बऱ्याच जर्मन उघड्या गाड्यांत उलटायच्या वेळी मागून उसळून येणारे बार असतात, मस्टँगमध्ये ते नाहीत, फक्त पुढच्या काचेच्या खांबांची मजबुती. ६६२ हॉर्सपॉवर, मागच्याच चाकांना ताकद, वर कापड. मागे मुलं बसणार असतील तर मी तरी नाही म्हणेन. खूपशा ट्रॅक डेचे आयोजकसुद्धा रोल बार नसलेल्या कन्व्हर्टिबलला आत घेत नाहीत, ते उगाच नव्हे.

वैदेही_रॅले
@सुरक्षित_अंतर, मुद्दा रास्त आहे आणि तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी मागच्या सीटवर कुणालाच बसवत नाही, जागाही नावालाच आहे. पण उलटण्याचा धोका गाडी कशी चालवता यावर खूप अवलंबून आहे, आणि मस्टँग बुटकी, रुंद गाडी आहे, एसयूव्हीसारखी पटकन कलंडत नाही. बाहेरून रोल बार बसवून मिळतो, १९६८ सारखा दिसतोही छान.

नोव्हीकर
मुलं मोठी आहेत, मागे कुणी बसणार नाही. पण रोल बारचं डोक्यात घेतलंय.

मोपार_मामा
डॉजवाल्यांची हजेरी. चॅलेंजर कन्व्हर्टिबल १९७० आणि ७१ ला होती, नव्या पिढीत कारखान्यातून कधीच आली नाही. २०२२ मध्ये डॉजने फ्लोरिडातल्या एका कंपनीकडून छप्पर कापून डीलरमार्फत द्यायची सोय केली तेवढीच. आणि जुन्यात म्हणाल तर १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल. ४२६ क्युबिक इंचाचं हेमी इंजिन, डझनभरसुद्धा बनल्या नसतील. २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात एक ३५ लाख डॉलरला गेली. त्या वेळी शोरूममध्ये कुणी विचारत नव्हतं कारण विमा परवडत नव्हता. कूपेवाल्यांनी नोंद घ्यावी.

आठ_सिलिंडर
मामा, कुडाची किंमत दुर्मीळपणाची आहे, चालवण्याची नाही. ती गाडी वळणावर कशी जाते ते कुणी सांगत नाही.

मोपार_मामा
वळण कशाला, सरळ रस्ता आहे ना.

खटपट्या
घ्यायचं ठरलं तर तपासायचं काय ते लिहितो, मत नंतर.

आधी सुपरचार्जरची पुली बघा. अनेकांनी लहान पुली (तिने सुपरचार्जर जास्त वेगाने फिरतो) आणि ट्यून (इंजिनाच्या कॉम्प्युटरची बदललेली सेटिंग) टाकून हजारभर हॉर्सपॉवर काढलेत आणि विकताना परत मूळची बसवली आहे, तेव्हा बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा शोधा आणि शक्य असेल तर कॉम्प्युटरचं कॅलिब्रेशन तपासून घ्या. क्लच जड आहे, पण घसरायला नको, चौथ्या गिअरमध्ये खालून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या, आरपीएम उडाले आणि वेग वाढला नाही तर क्लच गेलाय. छप्पर चार-पाच वेळा उघडबंद करा, डिक्कीतल्या हायड्रॉलिक पंपाचा आवाज एकसारखा हवा, तेलाचा ओघळ नको. दुमडलेल्या जागी कापड घासलंय का, मागच्या काचेची कड सुटली आहे का, डिक्कीच्या गालिच्याखाली ओल आहे का. माझ्या आधीच्या एका उघड्या गाडीत (मस्टँग नव्हे) पाण्याच्या निचऱ्याची भोकं पानांनी बुजली आणि आतल्या वायरिंगमध्ये पाणी गेलं, तेव्हापासून मी दर शरद ऋतूत ती भोकं साफ करतो.

आणि टायर. मागे २८५/३५ आर२०, उन्हाळी. बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गाडी कमी चालली असेल तर खाच भरपूर दिसेल पण रबर दगड झालेलं असेल. अशा टायरवर ही गाडी चालवू नका, खाच चांगली असेल तरी नवे टाका. पाच डिग्रीच्या खाली हे टायर पकडच घेत नाहीत, ऑक्टोबरच्या सकाळी मिशिगनमध्ये लक्षात ठेवा. हिवाळ्यात गाडी झोपवाल तेव्हा छप्पर बंद आणि कोरडं ठेवा, दुमडून ठेवलं तर घड्या कायमच्या बसतात. बॅटरीला मेंटेनर लावा.

मत: कन्व्हर्टिबल. कारण बऱ्याच कूपे ट्रॅकवर आणि ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर) पिदाडलेल्या असतात, उघड्या गाड्या बहुतेक जपून वापरलेल्या मिळतात.

नोव्हीकर
@खटपट्या, हे अख्खं छापून गाडीत ठेवलंय, मनापासून आभार.

सगळ्यांना अपडेट. शनिवारी दोन्ही चालवल्या, आधी झेडएल१ कन्व्हर्टिबल आणि मग २०१४ ची जीटी५०० कन्व्हर्टिबल, काळी, पांढरे पट्टे, आणि पट्टे छपराच्या कापडावरूनसुद्धा गेलेत. लान्सिंगवाला, तुमचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. झेडएल१ खराब रस्त्यावर शांत बसते, वळणात विश्वास देते, ब्रेकही जास्त बरे वाटले. शेल्बी त्याच रस्त्यावर मागून हलते, आणि आठ_सिलिंडर म्हणाले तसा आरसा थरथरतो, मला तो दिसला. पण दुसऱ्या गिअरमध्ये ३००० च्या पुढे पाय दाबला आणि जे काही ऐकू आलं ते रोमिओ_ते_फ्लॅटरॉक यांनी लिहिलंय त्याहून कमी नाही. मी आणि बायको दोघंही काही बोललोच नाही. मग तिने विचारलं, परत एकदा करशील का.

सुरक्षित_अंतर, रोल बारची चौकशी केली, घेईन तेव्हाच बसवून घेणार. गाडी पुढच्या आठवड्यात एका ओळखीच्या मेकॅनिककडे तपासायला जातेय. पुली मूळची दिसते आहे. टायर जुनेच आहेत, ते किमतीत कापून घेणार.

वैदेही_रॅले
वा! ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ड्रीम क्रूझ असते ना तुमच्याकडे? तिथे न्या. १९९५ पासून चालू आहे, अख्खा वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू जुन्या-नव्या गाड्यांनी भरतो असं ऐकलंय.

नोव्हीकर
हो, फर्नडेलपासून पॉन्टिअॅकपर्यंत. त्या दिवशी गाड्या चालण्याच्या वेगाने सरकतात, त्यामुळे इंजिनाच्या तापमानावर लक्ष ठेवावं लागेल. आदल्या आठवड्यात संध्याकाळी गेलं तर गर्दीही कमी आणि गाड्याही भरपूर, तो बेत आहे. मिशिगनमधलं कुणी येणार असेल तर कळवा.

लान्सिंगवाला
मी येतो. शेव्ही घेऊन :)

आठ_सिलिंडर
अभिनंदन करायला तपासणीपर्यंत थांबतो. माझं मत बदललेलं नाही, चालवायच्या दृष्टीने कूपे जास्त चांगली गाडी आहे. पण तुमचा वापर बघता १५५ ची मर्यादा तुम्हाला कधी भेटणारही नाही, तेव्हा माझा तो मुद्दा तुमच्यापुरता बाद. फक्त एक करा, मेकॅनिकला गाडी लिफ्टवर घेऊन खालच्या ब्रेसिंगचे बोल्ट आणि वेल्ड बघायला सांगा. कुणी चुकीच्या जागी जॅक लावला असेल तर तिथेच दिसेल.

गिअरबदल
२०१४ काळी, पांढरे पट्टे, मॅन्युअल... बरं, घ्या कन्व्हर्टिबल. फोटो टाका.